सुरतेत शिकलेली आमची मुले कोणत्या राज्याची? उच्च व तंत्रशिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : खानदेशातून परराज्यात गेलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत परवडणाऱ्या शुल्कात प्रवेश मिळण्याबाबत.

महोदय,

मी तापीकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. ३१ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर दरवर्षी मे ते ऑगस्ट या काळात बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक प्रवेशाचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात, आणि अर्ज कसा भरावा, कोणते महाविद्यालय आधी टाकावे, कोणता दाखला कुठून काढावा, हे मी मला समजेल तसे सांगतो. या मुलांत काही मुले दरवर्षी सुरतेहून आलेली असतात. त्यांचे आडनाव इथले, घरातली बोली अहिराणी, आजोबांचे शेत इथल्या शिवारात. गुणपत्रिका मात्र गुजरात बोर्डाची. यंदा त्या मुलांत माझी सख्खी भाची होती. इतरांच्या मुलांना मी आजवर जे समजुतीचे शब्द सांगत आलो, ते तिला सांगता आले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरतेला आमची माणसे हौसेने गेली नाहीत. जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडगिरण्या बंद पडल्या, कोरडवाहू शेतीवर दोन भावांचे भागेना, आणि भुसावळहून निघणारी रेल्वे तापीच्या खोऱ्यातून थेट सुरतेला पोहोचत होती. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज खानदेशातून गेलेल्यांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, आणि त्या शाळांतून आमची मुले मराठीत शिकतात. माझे मेहुणे २००४ साली एका डाइंग मिलमध्ये कामाला लागले. बहीण दोन वर्षांनी गेली. भाची तिथेच जन्मली, तिथेच शिकली, आणि बारावी विज्ञानानंतर महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा देण्यासाठी माझ्याकडे येऊन राहिली. तिला ९१ पर्सेंटाइल मिळाले.

तिने महाराष्ट्रच का निवडला, हा प्रश्न मला प्रवेशाच्या सुविधा केंद्रावरही विचारण्यात आला. त्याचे उत्तर असे की आम्ही इतर मागासवर्गात मोडतो, आणि तिच्या वडिलांनी गुजरातेत जातीच्या दाखल्याची चौकशी केली तेव्हा तो मूळ राज्यातूनच आणावा असे त्यांना सांगण्यात आले. हे उत्तर निराधारही नव्हते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला नव्या राज्यातील सवलती मिळत नाहीत, मूळ राज्याच्याच मिळतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे, आणि तो खटला मुंबईतील एका वैद्यकीय प्रवेशाचाच होता. इतर मागासवर्गाच्या बाबतीतही व्यवहारात तेच घडते. म्हणजे सवलतीसाठी मूळ राज्याकडे जा, असे सारी व्यवस्थाच या मुलांना सांगते. आमचे मूळ राज्य महाराष्ट्र आहे. आम्ही त्याच्याकडे आलो.

आता जे घडले ते क्रमाने सांगतो.

तिच्या जातीच्या प्रमाणपत्रासाठी आणि वैधतेसाठी आम्ही आधीच्या वर्षीच अर्ज केला होता. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव दिनांक धरली जाते. त्या आधीपासून कुटुंब या राज्यात राहत होते आणि त्या जातीचे होते, हे दाखवावे लागते. आम्ही तिच्या आजोबांचा जिल्हा परिषदेच्या शाळेतील दाखलखारीज नोंदवहीचा उतारा काढला. त्यात १९५६ सालची नोंद आहे, गावाचे नाव आहे, जात आहे. पणजोबांच्या नावाचा जुना फेरफार काढला. जात पडताळणी समितीने हे सर्व तपासले आणि वैधता प्रमाणपत्र दिले. त्या प्रमाणपत्राचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे इतकाच होतो की ही मुलगी महाराष्ट्रातील, महाराष्ट्राच्या मागासवर्गातील आहे आणि हे महाराष्ट्र शासनाने स्वतः पडताळून पाहिले आहे.

त्यानंतर अधिवासाचा दाखला. अभियांत्रिकीच्या नियमांत उमेदवारीचे प्रकार आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेले ते ‘अ’ प्रकारात. तसे नसेल, पण स्वतः उमेदवार किंवा आई-वडिलांपैकी कोणी महाराष्ट्राचा अधिवासी असेल, तर ‘ब’ प्रकारात. भाची ‘ब’ मध्ये बसेल असा माझा विश्वास होता. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज केला, तेव्हा वडिलांच्या सलग १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला, आणि तोही अलीकडच्या वर्षांचा. आमच्याकडे सातबारा होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या, वडिलांचा इथल्या शाळेचा दाखला होता. पण शिधापत्रिकेतून नाव कमी झालेले, कारण धान्य सुरतेत घ्यावे लागते; मतदार यादीत नाव नाही; आधार कार्डावर लिंबायतचा पत्ता. आईच्या नावाने प्रयत्न केला. ती इथेच जन्मली, लग्नापर्यंत याच गावात वाढली, पण तिचेही सध्याचे वास्तव्य सुरतेचे असल्याने अर्ज परत आला. कागद तपासणीची मुदत संपली. भाचीचा अर्ज ‘महाराष्ट्राबाहेरील उमेदवार’ या गटात टाकण्यात आला.

त्या दिवशी बहिणीने फोनवर मला एकच वाक्य विचारले : “दादा, आते आम्हीन कोठला शेतस?” म्हणजे, आता आम्ही कुठले आहोत? मी तिला उत्तर देऊ शकलो नाही, आणि तोच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवत आहे.

कारण त्या एका शब्दाने, ‘बाहेरील’ या शब्दाने, पुढचे सर्व बदलले. बाहेरच्या उमेदवाराला राज्याच्या जागांवर हक्क नाही. अखिल भारतीय जागा उरतात, आणि त्या आधी जेईई मेनच्या गुणवत्तेवर भरल्या जातात. ती परीक्षा तिने दिली नव्हती. इतर मागासवर्गाचे आरक्षण गेले. हातात वैधता प्रमाणपत्र असून गेले. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मागील कटऑफ पाहता तिला एखादी शाखा मिळण्याची चांगली आशा होती, ती गेली. आणि ज्या सवलतीच्या भरवशावर आम्ही हा सारा बेत आखला होता ती शुल्काची सवलतही गेली. आपल्याच विभागाने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केले. त्या निर्णयाचे मी शाळेत पेढे वाटून स्वागत केले होते, आणि आजही तो फार मोठा निर्णय आहे असेच मानतो. आमच्या गावातील चार मुली त्यामुळे आज शिकत आहेत. परंतु तो लाभ महाराष्ट्राची अधिवासी असलेल्या आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीलाच मिळतो. भाचीसमोर उरली ती एका खासगी महाविद्यालयातील संस्था स्तरावरील, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः भरायची, जागा : वर्षाला १ लाख ३० हजार शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ वेगळी. माझ्या मेहुण्यांचा पगार महिन्याला १८ हजार आहे.

महोदय, ही एकट्या मुलीची गोष्ट असती तर मी आपला वेळ घेतला नसता. नियमांतच काही गोष्टी अशा आहेत ज्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या मला आपल्या नजरेस आणायच्या आहेत.

जातीचा पुरावा मागताना शासन १९६७ च्या मागे जाते. अनुसूचित जातींसाठी १९५० पर्यंत, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पर्यंत जाते. त्या वेळी कुटुंबाची मुळे कुठे होती, हाच प्रश्न असतो. प्रवेश आणि शुल्क यांच्या वेळी मात्र ती मुळे मोजली जात नाहीत. गुणपत्रिका कोणत्या मंडळाने छापली आणि गेल्या काही वर्षांत धान्य कोणत्या दुकानातून घेतले, हे मोजले जाते. दोन्ही कसोट्या एकाच शासनाच्या आहेत. ज्या कुटुंबाने तीन पिढ्यांचा पुरावा देऊन पहिली कसोटी पार केली, त्याला दुसरीत नापास करण्याचे कारण माझ्यासारख्या साध्या माणसाला सापडत नाही.

याच नियमांत केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ‘क’ प्रकार आहे. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून महाराष्ट्रात बदलून आलेल्या अधिकाऱ्याचे मूल, त्याचे सर्व शिक्षण बाहेर झालेले असले तरी, महाराष्ट्राचे उमेदवार मानले जाते. ते योग्यच आहे, बदलीची नोकरी ही त्या मुलाची चूक नव्हे. पण मग पोटासाठी गेलेल्या मजुराच्या मुलीचे परराज्यातले शिक्षण ही तरी तिची चूक कशी होते? ‘इ’ प्रकारही आहे. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतून दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र आपले मानतो. बेळगाव-निपाणीच्या त्या मुलांच्या सवलतीतील एक अक्षरही कमी होऊ नये, असे मी मनापासून म्हणतो. मला इतकेच दाखवायचे आहे की गुणपत्रिका परराज्याची असली तरी मुलाला आपले कसे मानावे, हे शासनाला माहीत आहे, आणि तसा नियम लिहिताही येतो.

आमच्याकडची सीमाही काही वेगळी नाही. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. गावे गेली, सोयरीक राहिली. नवापूरच्या रेल्वे स्थानकात तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे आणि स्टेशनमास्तरांचे कार्यालय गुजरातेत. तिथल्या लोकांना त्यात काही नवल वाटत नाही, कारण त्यांचे सगळे आयुष्यच तसे आहे. गुजरातेतील उच्छल-निझरची शाळा जवळ पडते म्हणून तिकडे जाणारी मुले आहेत. दरवर्षी उसतोडीला बारडोलीकडे जाणारी भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबे आहेत, ज्यांची मुले जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत बसतात. पलीकडे मध्य प्रदेशात खेतिया आणि बऱ्हाणपूर. शहादा आणि रावेर या आमच्या तालुक्यांशी त्या गावांचा रोजचा बाजार आहे, लग्ने आहेत. खुद्द बऱ्हाणपूर तर मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याची राजधानी होते.

आणि एक उदाहरण असे आहे की त्यावर मला थांबून बोलावेसे वाटते. सरदार सरोवर प्रकल्पात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची गावे बुडाली. मणिबेलीसारख्या गावांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन गुजरातेत झाले. या लोकांनी राज्य सोडले नव्हते. धरणासाठी, शासनांनी आपसांत ठरवलेल्या योजनेप्रमाणे, त्यांना तिकडे नेण्यात आले. तिकडे जन्मलेली त्यांची मुले-नातवंडे आज महाविद्यालयाच्या वयाची आहेत. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते त्यांच्या मूळ जिल्ह्याचे महाविद्यालय. परंतु वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून होणे आवश्यक धरले आहे, आणि तिथे आई-वडिलांच्या अधिवासाचाही उपयोग होत नाही. त्यांच्या गावावर पाणी आहे, आणि त्या जिल्ह्यातील जागेवर त्यांच्या मुलाचा हक्क नाही. वैद्यकीय शिक्षण हा आपला विभाग नाही याची मला जाणीव आहे, तरी मंत्रिमंडळात हा विषय आपण मांडू शकता.

पारंपरिक पदवीचे थोडक्यात लिहितो, कारण तिथे वाट तरी आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अनुदानित महाविद्यालयांत बी.ए., बी.एस्सी.चे शुल्क सामान्य कुटुंबाला झेपते. दुसऱ्या राज्याच्या मंडळातून आलेल्यास स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागते, त्यासाठी वेगळे शुल्क व हेलपाटे असतात, पण प्रवेश होतो. सुरतेच्या पालकांना मी नेहमी सांगतो की सारेच काही अभियांत्रिकीत नाही. मात्र वाट बंद आहे म्हणून दुसरीकडे वळणे आणि आवड म्हणून वळणे यांत फरक आहे, आणि तो मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाहेर शिकलेल्यांना जागा दिल्या तर इथे राहून, इथल्या आश्रमशाळेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाचे काय? मी याच मुलांना आयुष्यभर शिकवले. त्यांच्या ताटातील घास काढून माझ्या भाचीला द्यावा, असे मी कधीही म्हणणार नाही. म्हणून मी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वर जादा दिलेल्या, जागांची मागणी करीत आहे. शुल्कमाफीच्या म्हणजे ट्यूशन फी वेव्हर योजनेत मंजूर जागांच्या ५ टक्के अधिसंख्य जागा आजही दिल्याच जातात, तेव्हा ही पद्धत नवी नाही. शिवाय आमच्या भागातील अनेक खासगी महाविद्यालयांत काही शाखांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहेत, बाके रिकामी आहेत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. ज्या विद्यार्थ्याच्या आई-वडिलांचे किंवा आजोबांचे महाराष्ट्रातील मूळ वास्तव्य जात वैधता प्रमाणपत्र, शाळेची जुनी नोंद, सातबारा किंवा प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला यांपैकी कशानेही सिद्ध होते, त्याला उमेदवारीचा स्वतंत्र प्रकार निर्माण करून महाराष्ट्राचा उमेदवार मानावे. सीमाभागासाठी जे शब्द नियमांत आहेत, त्याच धर्तीवर हे शब्द लिहिता येतील.

२. या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक शासकीय आणि अनुदानित संस्थेत थोड्या अधिसंख्य जागा ठेवाव्यात, जेणेकरून स्थानिक विद्यार्थ्याची एकही जागा कमी होणार नाही.

३. असा उमेदवार केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेईल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि मुलींची पूर्ण शुल्कमाफी त्याला किंवा तिला लागू व्हावी, आणि महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात त्यासाठी रकाना असावा. रकाना नसेल तर शासन निर्णय कागदावरच राहतो, हा आमचा अनुभव आहे.

४. जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रांसाठी शासनाने अनेकदा अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला आहे. अधिवासाच्या दाखल्यासाठीही तीच मुभा द्यावी. तसेच स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत कोणत्या वर्षांचे वास्तव्य ग्राह्य धरायचे, याचे एकच लेखी परिपत्रक महसूल विभागाकडून सर्व तहसील कार्यालयांना जावे. आज हे टेबलागणिक बदलते.

५. सुरतेतील मराठी शाळांमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत मार्गदर्शन शिबिर घ्यावे. आमच्या पालकांना नियम कळतो तो जूनमध्ये, सुविधा केंद्राच्या खिडकीशी. तोवर दाखले काढण्याचा वेळ गेलेला असतो. दहावीनंतर अकरावी-बारावीसाठी मुलाला गावी पाठवावे की नाही, हा निर्णयसुद्धा पालक अंधारात घेतात. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये पश्चिम विभागीय परिषदेत एकत्र बसतात. सीमेवरील तालुक्यांतील विद्यार्थ्यांचा विषय तिथे नेता येईल. मध्य प्रदेश त्या परिषदेत नाही, त्याच्याशी वेगळे बोलावे लागेल.

यांतील चौथी आणि पाचवी मागणी पूर्ण करण्यास फारसा पैसा लागत नाही, आणि कायदाही बदलावा लागत नाही. त्या दोन तरी पुढील वर्षाची माहितीपुस्तिका निघण्याआधी मान्य व्हाव्यात, अशी माझी विनंती आहे. उरलेल्या मागण्यांवर आपला विभाग काय ठरवतो आहे, ते लेखी कळवावे. उत्तर नकाराचे असले तरी कारणांसह असावे, म्हणजे ओसरीवर बसलेल्या पालकांना मला ते वाचून दाखवता येईल.

भाचीने सध्या सुरतेत बी.एस्सी.ला नाव घातले आहे. पदवीनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला येता येते, हे तिने स्वतः शोधून काढले, आणि तेव्हाही अधिवासाचा दाखला लागेल, हेही तिनेच मला सांगितले. त्यासाठी तिने कागदांची फाइल माझ्याकडे ठेवली आहे. तिच्या वडिलांनी गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा अर्ज केला आहे. त्याची पावती त्या फाइलमध्ये सर्वांत वर आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
खानदेश